केकवरची फुलबाजी

पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी एका छोट्या कारखान्यात भडका उडाला. त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला आणि उपचार सुरू असताना मृतांचा आकडा दहाच्या पुढे गेला. त्यात बहुतेक महिला कामगार होत्या. तिथे तयार होत होत्या वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ‘स्पार्कल’ मेणबत्त्या. पुढे १ जानेवारी २०२६ च्या पहाटे स्वित्झर्लंडमधील क्रां-मोंताना येथील एका बारमध्ये, बाटल्यांना लावलेल्या अशाच स्पार्कल उंच धरल्या गेल्या आणि छताच्या फोमने पेट घेतल्याचे प्राथमिक तपासात पुढे आले. सुमारे चाळीस जण दगावले. या दोन्ही घटनांची चर्चा परवाने आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांभोवती फिरली, आणि ती आवश्यकच होती. पण ती वस्तू आजही केकच्या खोक्याबरोबर सहज हातात दिली जाते, आणि घरी आणल्यावर ती साधी मेणबत्ती आहे असेच समजले जाते.

खरे तर तिला मेणबत्ती म्हणणेच चुकीचे. साध्या मेणबत्तीत वितळलेले मेण वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतल्या प्राणवायूवर जळते. फुंकर मारली की वाफ ज्योतीपासून दूर जाते, वात थंडावते, ज्योत विझते. स्पार्कलमध्ये मेण नसतेच. धातूची भुकटी आणि प्राणवायू पुरवणारे रसायन एकत्र ठासलेले असते, म्हणजे ती फुलबाजीचीच बहीण. प्राणवायू तिच्या पोटातच असल्याने फुंकर मारून ती विझत नाही, वर काही झाकूनही नाही. ती संपेपर्यंत वाट पाहणे एवढेच हातात उरते.

तिच्या ठिणग्या ‘थंड’ असतात, असे विक्रेते सांगतात. ही अर्धी गोष्ट झाली. प्रत्येक ठिणगी म्हणजे जळता धातूकण. त्याचे तापमान हजार अंशांच्या घरात, पण आकार इतका बारीक की हातावर पडली तर नुसती टोचते. तीच ठिणगी मुलीच्या नेटच्या फ्रॉकवर, झिरमिळ्यांवर किंवा थर्माकोलच्या सजावटीवर पडली, तर तिथे जळायला पुरेसे काही असते. शिवाय धातूची राख थेट क्रीमवर पडते. ती खाण्यासाठी बनवलेली नाही, हे वेगळे सांगायला नको.

खरा धोका मात्र स्पार्कलच्या शेजारी उभा असतो. वाढदिवसाला फवारला जाणारा पांढरा फेस, ज्याला मुले ‘स्नो स्प्रे’ म्हणतात, तो डब्यातून बाहेर ढकलण्यासाठी बहुधा ब्यूटेन आणि प्रोपेन वापरतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही हेच वायू असतात. केक कापणाऱ्याच्या तोंडावर, केसांवर फेस उडवायचा आणि समोर ज्योत पेटलेली, म्हणजे गॅस चालू करून काडी ओढण्यासारखेच. डब्यावर बारीक अक्षरात ज्वालाग्राही असल्याची सूचना असते, पण त्या गडबडीत ती वाचतो कोण? गॅसच्या फुग्यांचेही तसेच. हेलियम पेटत नाही, पण महाग पडतो. म्हणून रस्त्यावरच्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी तो पेटतो, तेही अगदी नगण्य ठिणगीने. फुग्यांचा गुच्छ एकदम पेटला तर चेहरा आणि हात सर्वांत आधी भाजतात.

औक्षणाचे निरांजन ताम्हनात असते, मोठ्या माणसाच्या हातात असते आणि क्षणभरात बाजूला ठेवले जाते. केकवरच्या ज्योतीलाही तेवढीच शिस्त पुरते. साध्या मेणबत्त्या, पंखा बंद, मुलींचे केस बांधलेले, ओढणी खोचलेली. फुगे दुसऱ्या खोलीत. फेसाचा डबा ज्योत असताना उघडायचाच नाही. खरे तर आणलाच नाही तर बरे. फुंकर मारूनही पुन्हा पेटणाऱ्या गमतीच्या मेणबत्त्यांच्या वातीत मॅग्नेशियम असते. त्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्याआधी पाण्यात बुडवाव्यात.

कपड्यांनी पेट घेतलाच, तर पळू न देता जमिनीवर आडवे करून लोळवावे, किंवा जाड सुती चादरीत गुंडाळावे. भाजलेल्या जागेवर नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही नको. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. चेहरा भाजला असेल, आवाज बसला असेल किंवा नाकातले केस जळालेले दिसत असतील, तर श्वासनलिकेला सूज येण्याची शक्यता असते. अशा वेळी फोड किती आले हे पाहत बसू नये, तडक मोठे रुग्णालय गाठावे.