साबण, सॅनिटायझर आणि कोरडा नळ

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने सॅनिटायझरला जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत स्थान दिले आणि दोनशे मिलिलिटरच्या बाटलीला शंभर रुपयांहून अधिक दाम घेऊ नये, असे फर्मान काढले. साबणाच्या वाट्याला हा मान आला नाही. तेव्हापासून आपल्या मनात या दोन वस्तूंची एक उतरंड तयार झाली आहे. बाटली आधुनिक, वडी जुनाट. कचेरीच्या दारात बाटली ठेवली की आरोग्याचे कर्तव्य पार पडले, अशी समजूत साथ ओसरल्यावरही पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. सार्वजनिक पैसा या समजुतीच्या मागे जातो, म्हणून तिची तपासणी करणे अगत्याचे आहे.

या दोन वस्तूंचे काम मुळातच वेगळे आहे. अल्कोहोल जंतूंना जागच्या जागी मारते. साबण त्यांना प्रामुख्याने हातावरून काढून टाकतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, तर दुसरे तेला-मेदाशी. त्यामुळे हातावरचा तेलकट थर व त्यात दडलेले जंतू सुटतात आणि चोळण्याने व पाण्याच्या धारेने वाहून जातात. करोना विषाणूसारख्या मेदाचे आवरण असलेल्या जंतूंचे तर ते आवरणच साबण फोडतो. अल्कोहोलही तेथे उत्तम काम करते, मात्र त्याचे प्रमाण किमान ६० टक्के हवे. परंतु नोरोव्हायरससारख्या, आवरण नसलेल्या विषाणूंपुढे ते दुबळे ठरते आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या बीजाणूंपुढे तर निष्प्रभ. जे मरत नाही ते हातावरच राहते. हात मातीने वा तेलाने माखलेले असतील, तर अल्कोहोल जंतूंपर्यंत नीट पोहोचतही नाही.

मग सॅनिटायझर निरुपयोगी का? मुळीच नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले, तेव्हा एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. हात धुण्याचे महत्त्व तेथे सिद्ध झाले. अडचण पुढे वेळेची आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार साबणपाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, अल्कोहोल चोळण्यास २० ते ३०. एका पाळीत कित्येक रुग्णांना हात लावणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही; त्यात बेसिनपर्यंतची ये-जा वेगळीच. अर्थशास्त्रात ज्याला संधिव्यय म्हणतात, तो हाच. जिनिव्हाच्या रुग्णालयात १९९४ नंतर खाटेशेजारी अल्कोहोलची बाटली देऊन जी मोहीम राबविली गेली, तिच्या काळात हातांच्या स्वच्छतेचे पालन ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरले. हात दिसायला स्वच्छ आणि वेळ अपुरा, अशा जागी बाटलीचा हक्क निर्विवाद आहे.

परंतु शाळा, शेत आणि स्वयंपाकघर म्हणजे रुग्णालय नव्हे. मैदानावरून धावत येऊन पोषण आहाराच्या पंगतीला बसणाऱ्या मुलाच्या हातांवर धूळ असते, आणि त्याला धोका असतो तो अतिसाराचा. कराचीच्या वस्त्यांत झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, साबण व हात धुण्याची शिकवण मिळालेल्या घरांतील पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनिया निम्म्याने कमी आढळला. अतिसारही जवळजवळ तितकाच घटला. साधा साबण तेथे जंतुनाशक साबणाच्या तोडीस तोड ठरला, ही गोष्ट जाहिरातदारांना गैरसोयीची असली तरी ग्राहकाने ध्यानात ठेवावी.

आपल्याकडील वस्तुस्थिती काय? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ च्या ७६ व्या फेरीनुसार जेवणापूर्वी साबण वा डिटर्जंटने हात धुणारी कुटुंबे ३५.८ टक्के होती, ६०.४ टक्के कुटुंबे नुसत्या पाण्यावर भागवीत. याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे साबणाची खरी किंमत वडीच्या वेष्टनावर छापलेली नसते. ती हंड्यात मोजावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये साबणाच्या वडीवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच. मात्र कर उतरल्याने नळाला पाणी येत नाही.

बाटलीचा एक खर्च तर हिशेबात धरलाच जात नाही. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. सुदैवाने ती बचावली. त्याच जिल्ह्यात वणी येथे एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. साबणाच्या वडीने असे बळी घेतल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा रुग्णालयांनी, दवाखान्यांनी बाटल्या अवश्य घ्याव्यात. शाळांसाठी तरतूद करताना मात्र पहिला रुपया पाण्याची टाकी, चालू नळ आणि साबण यांवर पडावा. पाणी तुटपुंजे असेल तेथे पायाने दोरी ओढताच कलणारा डबा टांगता येतो. थोड्या पाण्यात बरेच हात धुऊन होतात. डिटर्जंटची थोडी पूड पाण्यात घोळून जुन्या बाटलीत भरली, तर वडी हरवण्याचा किंवा विरघळून जाण्याचा प्रश्नही उरत नाही. आणि शाळेची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने दारातल्या बाटलीची नोंद करण्याआधी मधल्या सुट्टीत नळ उघडून पाहावा.