वाइनच्या चार्टमध्ये आंबेडाळ का नाही?

वाइन टेस्टिंगला गेलात की हातात एक चार्ट देतात. मासे, चिकन, मटण, पास्ता, चॉकलेट, प्रत्येकाला वेगळा रकाना. चीजला तर तीन-तीन. आणि अगदी तळाशी, उरलेल्या जागेत, एक रकाना असतो: 'इंडियन'. नाशिकजवळच्या एका वायनरीत, समोर द्राक्षाची बाग दिसत असताना, मी हा चार्ट घेऊन उभी होते. 'इंडियन'पुढे लिहिलं होतं, थोडी गोड व्हाइट. म्हणजे रोगनजोश, मीन मोईली आणि आमच्या घरची मुगाची खिचडी, सगळ्यांना मिळून एकच बाटली.

मी शिकवणाऱ्या मुलाला विचारलं, कैरीची डाळ असेल तर? तो हसला. म्हणाला, मॅडम, आपल्या जेवणाला वाइन तशी जमत नाही. आपलं सगळं ताटात एकदम येतं ना, वाइनला कोर्सेस लागतात.

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता त्याचा समाचार घ्यायलाच हवा.

आपलं ताट एकदम येतं? हे म्हणणारा माणूस कधी पंगतीत बसलेला नाही. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, आमटी. मधोमध पहिला वरणभात, त्यावर तूप. तो संपल्याशिवाय पोळी नाही. मग मसालेभात. मग गोडाचा आग्रह. आणि शेवटी, पोट नको म्हणत असताना, ताकभात. हे कोर्सेस नाहीत तर काय आहेत? फक्त पान बदलत नाही, एवढाच फरक. सौम्य, मग भरीव, मग झणझणीत, मग गोड, मग थंड, असा चढउतार आपल्या आज्यांना ठाऊक होता. चार्ट छापणाऱ्याला तो माहीत नाही, यात आजीचा काय दोष?

तर गेल्या मे महिन्यात मी घरी हेच करून पाहिलं. जेवायला आईचे भाऊ, म्हणजे दिंडोरी तालुक्यातले माझे मामा, आणि मामी. (वय एकवीस पूर्ण नसेल तर इथून पुढे तुम्ही पन्ह्यावर राहा.) अट एकच ठेवली होती, जेवताना कुणी गॅससमोर उभं राहायचं नाही. उन्हाळ्यातलं हलकं जेवण म्हणजे माझ्या मते खाणाऱ्याला हलकं आणि करणाऱ्यालाही हलकं. वाढणारी बाई घामाने निथळत असेल आणि आपण 'लाइट लंच'च्या गप्पा मारत असू, तर त्या गप्पांना काही अर्थ नाही. त्यामुळे डाळ, कोशिंबीर, पडवळाची भाजी सकाळीच झाली होती. पोळ्या बाहेरून आणल्या. वरणभात आणि मसालेभात तेवढे गरम.

आधी आंबेडाळ. भिजवून जाडसर वाटलेली हरभरा डाळ, किसलेली कैरी, खोबरं, हिरवी मिरची, वरून हिंग-मोहरीची फोडणी. यासोबत सॉविन्यों ब्लां. कारण साधं आहे. पदार्थ आंबट असेल तर वाइन निदान तितकीच आंबट लागते, नाहीतर ती पाण्यासारखी वाटते. शिवाय या द्राक्षात एक हिरवट वास असतो. तो ज्या पायरॅझिन नावाच्या घटकांमुळे येतो, तेच घटक ढोबळ्या मिरचीतही असतात. त्यामुळे कैरी, कोथिंबीर, मिरची यांना हा वास परका वाटत नाही. मामांनी एक घोट घेतला, डाळ खाल्ली, परत घोट घेतला.

"आंबट आहे," ते म्हणाले. "पण डाळपण आंबटच आहे की."

पेअरिंगवर याहून नेमकं मी अजून वाचलेलं नाही.

वरणभात-तूप-लिंबू आणि काकडीच्या कोशिंबिरीला शेनिन ब्लां. द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं, पण आता नाशिकमध्ये चांगलंच रुजलंय. दाण्याच्या कुटाचा गोडवा आणि तुपाचा स्निग्धपणा यांना तिचा आंबटगोडपणा बरोबर कापत जातो. मसालेभाताला थंडगार रोझे. इथे मात्र माझ्या मित्रमंडळींशी भांडण आहे. त्यांना रेडच हवी असते, कारण रेड म्हणजे 'खरी' वाइन. तीही 'रूम टेंपरेचर'ला. अहो, हे रूम टेंपरेचर युरोपातल्या जुन्या घरांचं, सोळा ते अठरा अंशांचं. मे महिन्यात चाळीस अंशांच्या शहरात कपाटावरची शिराझ म्हणजे कोमट काढा. त्यात तिखट जेवण असेल तर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिळून जिभेची आग वाढवतात. रेड प्यायची असेल तर खुशाल प्या, पण आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली बुडवली तर तेवढाही वेळ लागत नाही. ग्लासात बर्फ टाकला म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला सांगा, दक्षिण फ्रान्समध्ये उन्हाळ्यात लोक रोझेत बर्फ टाकून पितात.

आमरसाला काय? काही नाही. रसासमोर कोरडी वाइन ठेवली की ती चिंचेच्या पाण्यासारखी लागते. लेट हार्वेस्टची गोड वाइन मिळते, मीही आणली होती, पण हापूससमोर ती उगाच आगाऊपणा करते. ताकभातालाही वाइन नको. कुठे थांबायचं हे पंगतीच्या क्रमाला आधीच कळलेलं आहे.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा 'मद्यराष्ट्र' हा शब्द जिकडेतिकडे फिरला. उलट बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हेच' असं सांगणारेही उभे राहिले. मला दोघांचंही पटत नाही. वाइन ही दारूच आहे, तिच्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं. तिला औषध किंवा द्राक्षाचा रस म्हणणं ही लबाडी आहे. ज्या घरांनी दारूपायी माणूस गमावलाय त्यांच्या भीतीची मी टिंगल करणार नाही. पण संस्कृतीचा मुद्दा काढणाऱ्यांना एवढंच विचारते: या राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, शेतकऱ्यांना वाइनची द्राक्षं लावायला सांगितलं, तेव्हा संस्कृती कुठे गेली होती? पिकवायला चालतं, निर्यात करायला चालतं, टॅक्स घ्यायला चालतो. फक्त पिकवणाऱ्याच्या घरात चव कळलेली चालत नाही?

मामांनी त्याच काळात थॉमसन काढून दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावली. एका कंपनीशी करार होता. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फेब्रुवारीत साखर मोजून तोड. मंदीच्या वर्षी, म्हणजे २००९च्या सुमारास, कंपनीने माल उचलायचं थांबवलं. तेव्हा जिल्ह्यात कितीतरी जणांनी बागा तोडल्या. मामांनीही कुऱ्हाड लावली आणि टोमॅटो केले. या सगळ्या वर्षांत त्यांनी आपल्या द्राक्षाची वाइन एकदाही प्यायली नव्हती. कुणी दिलीच नव्हती. वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये ते कधी गेले नाहीत, कारण ती खोली पुण्या-मुंबईच्या गाड्यांसाठी होती. आणि तिथे गेले असते तरी हातात तोच चार्ट आला असता, ज्यात त्यांच्या घरच्या एकाही पदार्थाचं नाव नाही.

म्हणून मला हा चार्ट नुसता विनोदी वाटत नाही. शिष्टपणामुळे गिऱ्हाईक दुरावतं, गिऱ्हाईक दुरावलं की माल पडून राहतो, आणि कुऱ्हाड शेवटी बागेत चालते. मंदी आली हे खरं. पण जी वाइन फक्त हॉटेलात आणि चीजच्या तुकड्यासोबतच प्यायची असते, तिची विक्री मंदीत आधी पडणारच. रोजच्या जेवणात जिला जागा आहे ती थोडी तरी तग धरते.

मामीने रोझेचा अर्धा ग्लास घेतला. "सरबत जरा उतरलंय," म्हणाली, आणि उरलेला अर्धा मागून घेतला.

मामांनी ताकभात कालवता कालवता विचारलं, "एका बाटलीला द्राक्षं किती लागतात गं?"

"किलोच्या थोडी वर."

"आणि बाटली केवढ्याची?"

मी किंमत सांगितली. ते काही बोलले नाहीत. रिकामी बाटली फिरवून, चष्मा कपाळावरून खाली घेऊन, मागचं लेबल वाचत बसले.

"नाशिक लिहिलंय नुसतं," ते म्हणाले. "गाव नाही टाकलं."