भीती समजते, कौतुक नको



पहिल्या महायुद्धातील एक प्रसंग मी नववीच्या वर्गात सांगितला. तास संपला तरी वाद संपला नाही, म्हणून तो येथे मांडतो.

३१ जानेवारी १९१६ च्या रात्री जर्मन नौदलाच्या नऊ झेपेलिन हवाई जहाजांनी इंग्लंडवर बॉम्ब टाकले. नागरी वस्त्यांतील स्त्रिया व मुलेही त्यात दगावली. परतताना ‘एल १९’ची इंजिने बंद पडली. तटस्थ हॉलंडच्या सैनिकांनी त्यावर गोळीबार केला आणि अखेर ते उत्तर समुद्रात उतरले. कप्तान ओडो लोवे व त्याचे पंधरा सहकारी तरंगत्या सांगाड्यावर चढून बसले.

२ फेब्रुवारीला सकाळी ‘किंग स्टीफन’ ही इंग्रज मासेमारी बोट तेथे पोहोचली. बोटीवर नऊ जण, तेही निःशस्त्र. जर्मनांनी वाचवण्याची विनवणी केली. हे सोळा जण आपलीच बोट ताब्यात घेतील, या भीतीने तांडेल विल्यम मार्टिन त्यांना तसेच सोडून निघाला. परतल्यावर त्याने खबर दिली. पण शोध घेऊनही काही सापडले नाही. सोळाही जण बुडाले. काही महिन्यांनी त्यांचे बाटलीबंद निरोप स्वीडनच्या किनाऱ्यावर मिळाले.

“मार्टिन चुकला का?” असे विचारताच निम्मे हात वर, निम्मे खाली. एक मुलगी म्हणाली, “सर, दोघातिघांना तरी घ्यायचं होतं!” दुसरा म्हणाला, “मग उरलेल्यांनी उड्या मारल्या असत्या.” दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

माझ्या मते, मार्टिनवर आपल्या आठ माणसांची जबाबदारी होती. बाकावर बसून त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. मला खटकते ते पुढचे. लंडनच्या बिशपांनी जाहीरपणे त्याची पाठराखण केली, तर जर्मनीत त्याच्यावर संताप उसळला. आपल्या बाजूचे ते सारे योग्य, ही सवय दोन्हीकडे दिसते. नाइलाजाला नाइलाज म्हणावे. त्याचे गोडवे गाऊ नयेत.

परीक्षेत सनावळीला गुण मिळतात, अशा प्रश्नांना मिळत नाहीत. म्हणून संचालक मंडळास विनंती की, महिन्यातून एक तास अशा चर्चेसाठी राखून ठेवावा. आणि पालकहो, आज रात्री जेवताना मुलांना विचारा: तू त्या बोटीवर असतास, असतीस, तर काय केले असते?

— इतिहास शिक्षक