रिचार्ज संपला की हक्कही संपतात काय?

30 डिसेंबर 2016 रोजी, नोटाबंदीचा गदारोळ चालू असताना, पंतप्रधानांनी दिल्लीत पैसे पाठवण्याचे एक अॅप सुरू केले. त्याला नाव दिले 'भीम'. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून 'भारत इंटरफेस फॉर मनी' असा अर्थ लावला आणि हे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरून ठेवले आहे, असे जाहीरपणे सांगितले. 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव पैशाच्या व्यवहाराला मिळाले म्हणून आपल्यातल्या अनेकांनी टाळ्या वाजवल्या. आज देशातले यूपीआयचे बहुतांश व्यवहार दोन खासगी अॅपवरून होतात आणि 'भीम'चा वाटा नगण्य आहे. तो विषय बाजूला ठेवू. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या महामानवाचे नाव अॅपला दिले, त्याच्या वस्तीतल्या माणसाला फोनचे पैसे भरता आले नाहीत तर त्याचे काय होते?

उत्तर असे की फोन बंद पडतो, आणि फोनबरोबर त्याचे हक्कही बंद पडतात.

हे वाक्य कुणाला अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून एकेक गोष्ट तपासून पाहू.

फोन आता चैनीची वस्तू नाही, सरकारी दाराची किल्ली आहे

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. शेतकरी सन्मान निधीची ई-केवायसी घरबसल्या करायची, तर ओटीपी. बँकेचे खाते, ई-श्रम कार्ड, नोकरीचा अर्ज, सगळीकडे तोच सहा आकडी परवाना. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. तिथे महिलेच्या आधारवर ओटीपी हवा आणि तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरही हवा. म्हणजे बाईला स्वतःच्या हक्काचे पैसे घ्यायला दोन फोन चालू असावे लागतात, त्यातला एक पुरुषाचा. ज्यांचा नवरा वारला, ज्यांना नवऱ्याने टाकले, त्या भगिनींनी कुणाचा ओटीपी आणायचा, हे नियम करताना कुणाला सुचले नाही. ओरड झाली तेव्हा मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) आढळले की देशातल्या 15 ते 49 वयाच्या जेमतेम 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरतात असा मोबाईल आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया फक्त एक तृतीयांश. हा आकडा सरकारचाच आहे. तो माहीत असूनही प्रत्येक योजनेच्या दारात ओटीपीची साखळी लावली गेली.

आता ही साखळी कशी आवळते ते बघा. प्रीपेड पॅक संपला की आउटगोइंग लगेच बंद होते. काही दिवसांनी इनकमिंग आणि मेसेजही बंद. 90 दिवस वापर नसेल आणि खात्यात शिल्लक नसेल, तर नंबरच जातो आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. तो नंबर आधारला, बँकेला, महाडीबीटीला जोडलेला असतो. नवा नंबर जोडायला आधार केंद्राची रांग, शुल्क आणि एक-दोन दिवसांची बुडालेली मजुरी. सहा महिने ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात गावी राहिलेल्या म्हातारीचा फोन कोण भरणार? तिचा नंबर गेला की तिची ओळख पटवणारी कडीच तुटते.

ज्याच्याकडे आहे त्याला उधार, ज्याच्याकडे नाही त्याला आगाऊ

फोनचे बिल भरण्याचे दोन प्रकार आहेत. पोस्टपेडवाला महिनाभर वापरतो, मग बिल येते, भरायला आणखी मुदत मिळते, उशीर झाला तर आठवण करणारे फोन येतात. प्रीपेडवाला आधी पैसे मोजतो आणि मग वापरतो. त्याची मुदत मध्यरात्री संपते, सकाळी तो मुका झालेला असतो. या देशात नव्वद टक्क्यांहून अधिक मोबाईल ग्राहक प्रीपेड आहेत. पगारदाराला उधारी आणि रोजंदारीवाल्याकडून आगाऊ वसुली, हा या बाजाराचा न्याय आहे. सावकारीत निदान गरिबाला आधी पैसे मिळायचे, व्याज नंतर द्यावे लागायचे!

शिवाय महिना 28 दिवसांचा. वर्षाला 12 महिने असले तरी रिचार्ज 13 वेळा. यावर बोंब झाली तेव्हा ट्रायने जानेवारी 2022 मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला किमान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक ठेवायला लावला. पण जाहिरात, दुकान आणि अॅप यांत पुढे दिसतो तो 28 दिवसांचाच.

जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एका आठवड्यात दर वाढवले. त्यानंतर एका मोठ्या कंपनीचा इंटरनेटसह सर्वांत साधा 28 दिवसांचा पॅक 199 रुपयांचा झाला. तेरा वेळा भरला की वर्षाचे 2,587 रुपये. त्याच कंपनीचा वर्षभराचा पॅक एकदम घेतला तर काहीशे रुपये वाचतात. पण नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराने दोन हजार रुपये एकरकमी आणायचे कुठून? म्हणून गरीब माणूस तीच वस्तू महाग घेतो. त्यावर 18 टक्के जीएसटी आहेच. अब्जाधीशाच्या फोनवर जेवढा दर, तेवढाच सफाई कामगाराच्या फोनवर.

आता या 2,587 रुपयांशेजारी दुसरा आकडा ठेवा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अकरावी-बारावीच्या, वसतिगृहात न राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला निर्वाह भत्ता मिळतो 2,500 रुपये. वही, पेन, बसभाडे, चहापाणी सगळे त्यात. म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, ओटीपी घ्यायला, कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची सूचना वाचायला जो फोन चालू ठेवावा लागतो, त्याच्या वर्षाच्या खर्चालाही शिष्यवृत्तीचा भत्ता पुरत नाही. सरकार एका हाताने अडीच हजार देते आणि ते मिळवण्याच्या अटीतच त्याहून जास्त खर्च करायला लावते. ते पैसे जमा होतात वर्ष उलटत आल्यावर. रिचार्ज मात्र दर 28 दिवसांनी.

ऑनलाइन भरा, पण कशाने?

'घरबसल्या एका क्लिकवर भरा' असे सांगितले जाते. ती क्लिक करायला स्मार्टफोन हवा, बँक खाते हवे, खात्यात पैसे हवेत आणि इंटरनेट हवे. नेटपॅक संपलेला आहे म्हणून तर रिचार्ज करायचाय! मग शेजाऱ्याचा हॉटस्पॉट मागायचा किंवा गल्लीतल्या मोबाईलवाल्याकडे रोख पैसे घेऊन जायचे. काही अॅप रिचार्जवर दोन-तीन रुपये 'सुविधा शुल्क' कापतात. दिसायला किरकोळ, पण कोट्यवधी लोकांच्या तेरा-तेरा रिचार्जवर ती रक्कम किती होत असेल, हे ज्याने त्याने ताडावे.

पैसे कापले गेले आणि रिचार्ज झाला नाही, हा अनुभव कुणाला नाही? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला केलेला व्यवहार फसला तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत आले पाहिजेत, आणि त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळाली पाहिजे. ही गोष्ट आपल्या वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? बँकवाला आपण होऊन सांगत नाही. आणि ज्याच्या खिशात तेवढेच दोनशे रुपये होते, त्याने ते पाच दिवस कसे काढायचे, याचे उत्तर कोणत्याच परिपत्रकात नाही.

'रील बघायला पैसे आहेत ना?'

हा टोमणा आपण सगळ्यांनी ऐकला आहे. 'यांना शिष्यवृत्ती हवी, राशन हवे, आणि हातात स्मार्टफोन!' असे म्हणणारे लोक स्वतः दिवसभर मोबाईलवरच असतात. त्यांना एकच विचारा: राशन दुकानापासून परीक्षेच्या हॉल तिकिटापर्यंत सगळे मोबाईलवर कुणी नेले? आम्ही मागणी केली होती काय? मनरेगाच्या कामावरची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून अॅपवर सक्तीची झाली. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकर भरावा लागतो. काम सरकारचे, आणि फोन चालू ठेवण्याची कटकट या बाईच्या माथी. आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाने अर्धा तास रील बघितली तर त्यात कुणाच्या बापाचे काय गेले? करमणूक ही फक्त पगारदाराची मिरासदारी नाही.

दुसरा युक्तिवाद असतो, 'भारतात डेटा जगात स्वस्त आहे.' असेल. पण स्वस्त की महाग हे जीबीवरून ठरत नाही, मिळकतीवरून ठरते. आणि ज्या आजीला फक्त ओटीपी आणि मुलाचा फोन घ्यायचा आहे, तिला रोज दीड जीबी का विकता? डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक ठेवणे बंधनकारक केले. कंपन्यांनी पॅक आणले, पण 84 दिवसांना साडेचारशे रुपयांच्या पुढेमागे. एकदम साडेचारशे!

ठराव होता, पाणी नव्हते

1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 पर्यंत आपल्या माणसाला तिथले पाणी पिता आले नाही. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत अंतर असते, हे बाबासाहेबांनी तिथे जगाला दाखवले. रिचार्ज म्हणजे अस्पृश्यता नव्हे, दोन्हींची बरोबरी करणे तेव्हाच्या वेदनेचा अपमान ठरेल. पण पद्धत ओळखीची आहे. हक्क नाकारायचा नाही, फक्त त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट अडवायची.

न्यायालयांनी ही वाट ओळखली आहे. 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन खटल्यात इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानली. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटवरून अभिव्यक्ती आणि व्यवसाय करण्याला अनुच्छेद 19 चे संरक्षण आहे असे सांगितले. 30 एप्रिल 2025 रोजी तर अॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दिव्यांगांच्या केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सुविधांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद 21 च्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. मग ज्या हक्काला संविधानाचे संरक्षण आहे, त्याच्या दारावर खासगी कंपनीचा टोलनाका कसा?

पैसा आहे

'मोफत द्यायला पैसा कुठून आणणार?' याचे उत्तर तयार आहे. 2002 पासून सार्वत्रिक सेवा निधी आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के रक्कम या निधीसाठी घेतली जाते. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले आणि सेवा न पोचलेल्या ग्रामीण, दुर्गम भागांबरोबर शहरी भागांचाही त्यात समावेश केला. नुसते टॉवर उभारून सेवा पोचत नाही. टॉवरखाली राहणाऱ्याचा फोन बंद असेल तर तो दुर्गम भागातच राहतो. केरळने 2023 मध्ये के-फोन सुरू करून गरीब कुटुंबांना मोफत इंटरनेट द्यायला घेतले. महाराष्ट्राला फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घ्यायचे असेल, तर एवढे करायला काय हरकत आहे? मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले होते, ते उगाच नव्हे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

1. आधारला जोडलेल्या नंबरवर इनकमिंग आणि सरकारी ओटीपी रिचार्ज नसतानाही किमान एक वर्ष चालू राहिले पाहिजेत.
2. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना फोन-इंटरनेटचा खर्च निर्वाह भत्त्याव्यतिरिक्त मिळाला पाहिजे.
3. प्रत्येक योजनेत कागदी अर्जाचा पर्याय समाज कल्याण कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत चालू ठेवला पाहिजे.
4. ज्यांच्याकडून सरकार फोनवर काम करून घेते, त्यांचा पूर्ण रिचार्ज सरकारने वेळेवर भरला पाहिजे.

एक खबरदारी मात्र हवी. 'काही ठरावीक साइट मोफत' असे गाजर कंपन्या पुन्हा दाखवतील. असला भेदभाव करणारे दर ट्रायने 2016 मध्ये बंद केले, ते योग्यच होते. आपल्याला कंपनीने निवडलेली खिडकी नको, राज्याने पैसे भरलेले पूर्ण दार हवे.

तोवर वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी काही कामे आजच करावीत. विहारात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि वृद्धाला विचारा की आधारला कोणता नंबर जोडला आहे आणि तो चालू आहे का. मुख्य खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर वापर नसतानाही नंबर राखण्याची तरतूद आहे, हे सांगा. फक्त कॉलचा पॅक मागायला शिकवा. 'तुमचे सिम बंद होणार' असा फोन करून ओटीपी मागणाऱ्याला काही सांगू नका, फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर कळवा. पाच दिवसांत पैसे परत आले नाहीत तर बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि पुढच्या 14 एप्रिलला डीजेची वर्गणी गोळा करताना एक निर्णय घ्या. त्यातली थोडी रक्कम वस्तीतल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या फोनसाठी बाजूला काढा. सरकारची जबाबदारी त्याने संपत नाही, तिच्यासाठी भांडायचेच आहे. पण भांडण जिंकेपर्यंत एकाही लेकराची शिष्यवृत्ती ओटीपीअभावी बुडता कामा नये.

जय भीम! जय संविधान!