‘पूर्वी नव्हतं हो असलं काही’

भाईंदरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत असतो. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या दीडशे मुलांत एक स्वमग्न होतं, २०२२ साली एकतीसात एक. खाली कारणंही तयार: लस, मोबाईल, नोकरी करणारी आई. (बापाच्या नोकरीने काही बिघडत नसावं.)

आकडे खरे आहेत. पण क्वेरीतली अट सैल केली की जास्त ओळी येतात, त्याला कुणी साथ म्हणत नाही. कॅनरने १९४३ मध्ये अकरा मुलांची वर्णनं लिहिली. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये हे स्वतंत्र निदान झालं, तेव्हा लक्षणं अडीच वर्षांच्या आत दिसायलाच हवी होती. १९९४ मध्ये अ‍ॅस्पर्गर आलं, म्हणजे घडाघडा बोलणारी, वर्गात हुशार मुलंही आत आली. २०१३ मध्ये सगळ्यांचा एकच वर्णपट झाला आणि एडीएचडीबरोबर हे निदान करायची मनाईही उठली. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला. तिथल्या वाढीपैकी ६० टक्के वाढ निकष आणि नोंदणी बदलल्यामुळे होती. उरलेल्या ४० टक्क्यांवर जरूर भांडा, पण लस त्यात नाही. ते प्रकरण तपासून कधीच निकालात निघालंय.

‘हल्ली फॅशन आहे’ म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वयाच्या मुलांची पाहणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरात साधारण एक मूल स्वमग्न निघालं. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर होती. त्यात या वयाची लाखभर मुलं धरली तरी हजारेक होतात. ती दिसतात तुम्हाला? शेवटच्या बाकावर ‘मंद’ म्हणून, नाहीतर घरात ‘हट्टी’ म्हणून दिसतात. त्यांच्या आधीच्या पिढीला आपण सरळ ‘वेडा’ म्हणत होतो. १९९५ च्या अपंग कायद्यात तर स्वमग्नतेचं नावच नव्हतं, ते आलं २०१६ मध्ये. पूर्वी नव्हतं ते हे, रकाना.

आता रकाना आहे, तर त्याला उंबरठा आहे. प्रमाणपत्रासाठी इसा नावाची चाळीस मुद्द्यांची चाचणी लागते. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली आलात की स्वमग्नता नाही. अडुसष्ट गुणांच्या मुलीने दहावीला जादा वेळ कुठला कागद दाखवून मागायचा?