‘आम्हाला काही होत नाही’ ही लस नव्हे

पूर्वी परदेशवारी म्हटली की सोबत पन्नास माणसे, पुढे झेंडा घेतलेला मार्गदर्शक आणि रात्री जेवायला वरण-भात, असा थाट असे. आता तरुण नवरा-बायको पाठीवर एकेक पिशवी टाकतात आणि स्वतःच निघतात. बँकॉक, हनोई, हो चि मिन्ह सिटी, क्वालालंपूर, सिंगापूर अशी महानगरे तीन-चार आठवड्यांत पालथी घालतात. रात्रीच्या बसने प्रवास, स्वस्त डॉर्मिटरीत मुक्काम आणि रस्त्यावरच्या गाडीवर जेवण. २०२३ च्या अखेरीस थायलंड व मलेशियाने भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट उठवली आणि आपल्या जिल्ह्यातील जोडप्यांनाही ही वाट सोपी झाली. हे कौतुकाचेच आहे. जग पाहावे, आणि तरुणपणीच पाहावे.

परंतु या जोडप्यांना लस, मच्छर, विमा असे काही विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते. ‘‘डॉक्टर, आपण भारतात वाढलो. गोऱ्यांची पोटे नाजूक. आपल्याला काही होत नाही.’’ आजचा लेख या एका वाक्याविषयी आहे, कारण प्रवासातील सर्वांत धोकादायक सामान हेच वाक्य आहे.

आधी पोटाचे पाहू. काही जंतूंची सवय आपल्या आतड्यांना असते, हे थोडेफार खरे. पण विषमज्वर एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. दूषित अन्नपाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ आपल्या आईवडिलांच्या पिढीला बहुधा लहानपणीच नकळत होऊन जात असे. फिल्टरचे पाणी पिऊन वाढलेल्या आजच्या अनेक तरुणांना ती झालेलीच नसते आणि मोठेपणी झाली तर ती अधिक त्रास देते. या दोन्ही रोगांवर लस आहे. बाकी रस्त्यावरच्या गाडीला घाबरण्याचे कारण नाही. डोळ्यांदेखत कढईतून उतरलेला वाफाळता पदार्थ हा हॉटेलात तासन्‌तास मांडून ठेवलेल्या गार पदार्थापेक्षा बरा. चिरून ठेवलेली फळे व उघडे पाणी टाळावे. जुलाब झालेच तर जलसंजीवनीचे पाकीट. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.

आता डेंग्यू. येथे तर आपले भारतीयपण आपल्या विरुद्धच जाऊ शकते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तिघांपासून नाही. उलट दुसऱ्या प्रकारची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. रक्तस्रावी डेंग्यूच्या साथी प्रथम ओळखल्या गेल्या त्या १९५० च्या दशकात मनिला आणि बँकॉक या शहरांतच, आणि दुसऱ्या लागणीचा धोका ध्यानात आला तो १९६० च्या दशकात बँकॉकमधील मुलांच्या अभ्यासातून. म्हणजे ज्याला इथे डेंग्यू होऊन गेला आहे, त्याने ‘मला आता भीती नाही’ असे न म्हणता दुप्पट सावध राहिले पाहिजे.

हा मच्छर जंगलातला नव्हे, शहरातला. कुंडी, टाकी, टायर यांत साठलेल्या पाण्यावर तो वाढतो आणि दिवसा चावतो, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी. त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छर पळवणारे मलम हवे. या महानगरांत मलेरियाचा धोका फारसा नाही, म्हणून लोक मच्छरच विसरतात. ताप आल्यास फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि हे पक्के लक्षात ठेवा: ताप उतरला म्हणजे डेंग्यू संपला असे नाही. नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, बेचैनी अशी लक्षणे दिसली तर तडक रुग्णालय गाठावे.

नवविवाहित जोडप्यांसाठी आणखी एक गोष्ट. हाच मच्छर झिका पसरवतो. २०१६ मध्ये सिंगापूरसारख्या स्वच्छ शहरात त्याची साथ आली आणि २०२४ मध्ये आपल्या पुण्यातही रुग्ण सापडले. मोठ्यांना हा आजार सहसा सौम्य असतो, पण गरोदरपणी झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. तो शरीरसंबंधातूनही पसरतो. झिकाचा धोका असलेल्या भागातून परतल्यावर पुरुष सोबत गेला असेल तर तीन महिने गर्भधारणा टाळावी आणि तोवर निरोध वापरावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. पत्नी गरोदर असेल तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हा विषय आपल्याकडे सासूसमोर निघत नाही, म्हणूनच तो येथे लिहिला.

तिसरा धोका रोगाचा नाही, हौसेचा आहे. भाड्याची स्कूटर. थायलंडमध्ये रस्ते अपघातात दगावणाऱ्यांत बहुसंख्य दुचाकीवरचेच असतात. ‘पुण्यात गाडी चालवली, आता कुठेही चालवीन’ हीदेखील त्याच वाक्याची धाकटी बहीण. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. व्हिएतनाम तो मानत नाही. वैध परवाना किंवा हेल्मेट नसताना अपघात झाला तर विमा कंपनी सहसा हात वर करते आणि परदेशातील शस्त्रक्रियेचे बिल इथे आईवडिलांच्या दारात येते.

चौथा धोका मुक्या प्राण्यांचा. क्वालालंपूरजवळ बाटू गुंफांच्या २७२ पायऱ्यांवर माकडे हातातले खाणे हिसकावतात. बँकॉक-हनोईकडे भटकी कुत्री आहेत आणि त्या देशांतून रेबीज गेलेला नाही. चावा वा ओरखडा बसला तर पंधरा मिनिटे साबण-पाण्याने जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. बँकॉकमधील रेड क्रॉसच्या क्वीन सावोभा संस्थेत असे उपचार होतात. ‘घरी गेल्यावर बघू’ हे येथे चालत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचवणे जवळजवळ अशक्य असते.

मग जाऊच नये काय? जरूर जावे. परंतु दोघांनी मिळून ठरवून जावे. एका जोडप्याने मला प्रवासाची वही दाखवली होती. प्रत्येक रात्रीची खोली, प्रत्येक बसचे तिकीट पैसे भरून नक्की केलेले. तापासाठी एकही रिकामा दिवस नव्हता. माझ्या मते अशा प्रवासातला खरा घात येथे आहे. तिकीट बुडेल म्हणून आजारी जोडीदाराला गोळी देऊन रात्रीच्या बसमध्ये बसवले जाते, आणि बहुतेक वेळा गप्प राहून सोसणारी ती बायको असते. म्हणून निघण्यापूर्वीच दोघांनी एक करार करावा: अंगात ताप असेल तर पुढचा प्रवास बंद, पैसे गेले तरी चालतील.

दुसरे असे की औषधांची माहिती एकाच्याच डोक्यात नसावी. पुष्कळ नवऱ्यांना स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव ठाऊक नसते. दोघांचे रक्तगट, नेहमीची औषधे, अ‍ॅलर्जी, पूर्वी डेंग्यू झाला होता काय, आणि विम्याचा क्रमांक हे एका कागदावर लिहून त्याची एकेक प्रत दोघांच्या खिशात असावी. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेली औषधे सिंगापूरसारख्या देशात आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. आणि डॉक्टरांकडे निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, चार ते सहा आठवडे आधी यावे. लशींना अंगी मुरायला वेळ लागतो.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलगा-सून निघताना चिवड्याचा डबा भरून द्याच. पण विमा काढला काय, लशी घेतल्या काय, हेही विचारा. आणि परत आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, की आम्ही कोणकोणत्या शहरांतून आलो. निदानाची निम्मी वाट तिथेच सरते.