प्रश्न गगनबावड्याहून आणा

आमच्या कार्यालयातली एक तरुण वार्ताहर पुढच्या आठवड्यात पुण्याला निघाली आहे. लहान मुलांच्या लसी आणि औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुखांनी तिला मुलाखतीसाठी वेळ दिली आहे. "सर, सुरुवात कुठून करू?" असं विचारत ती आली, तेव्हा तिच्या हातात कंपनीने पाठवलेली माहितीपुस्तिका होती. स्थापना, उलाढाल, निर्यात, पुरस्कार, सगळं त्यात होतं. मी म्हटलं, ही राहू दे. आधी गगनबावड्याला जाऊन ये.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडतो तो या तालुक्यात. तिथल्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर लस जाते ती नर्सताईंच्या खांद्यावरच्या डब्यातून, बर्फाच्या पॅकमध्ये, दोन ते आठ अंश तापमान सांभाळत. तापली तर लस बिघडते, आणि काही लसी गोठल्या तरी बिघडतात. कुपीवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होतो. वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. गोवर-रुबेलाची लस द्रवात विरघळवल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. आता एका कुपीत पाच-दहा मुलांचे डोस आणि वाड्यावर लस द्यायची मुलं दोन! एकाच मुलासाठीसुद्धा कुपी फोडा, असं नियम सांगतो. पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब त्या ताईंनाच द्यावा लागतो.

या मुलाखतीतला पहिला प्रश्न इथे आहे: कुपी लहान का करत नाही? यालाही दुसरी बाजू आहे. लहान कुपीत प्रत्येक डोसची किंमत वाढते आणि शीतपेटीत जागा जास्त लागते. म्हणूनच हा प्रश्न मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर पुस्तिकेत सापडत नाही, ते निर्णय घेणाऱ्या माणसाकडेच असतं.

असा प्रश्न आधी विचारला गेला की काय घडतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. घराण्याचा व्यवसाय शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा. निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण धनुर्वातावरचा प्रतिविष रक्तद्रव घोड्यांच्या रक्तातून काढत. तिथून लसनिर्मितीच्या धंद्याची कल्पना निघाली. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आफ्रिकेतल्या 'अ' गटाच्या मेंदूज्वरावरच्या लसीची गोष्ट. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात हा आजार साथीने येई आणि मुलं व तरुण दगावत. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला तरच आम्हाला परवडेल. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांशी जमलं नाही. सीरमने तो भाव मान्य केला. जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेच्या प्रकल्पातून ती लस तयार झाली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. २०१२ मध्ये तिला चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतसाखळीबाहेर ठेवायची मुभाही मिळाली. त्या पट्ट्यातला 'अ' गटाचा मेंदूज्वर आज जवळपास नाहीसा झाला आहे.

भाव आधी ठरला, लस नंतर आली. आणि भाव ठरवला तो, ज्यांना ती टोचून घ्यायची होती त्यांच्या बाजूच्या माणसांनी.

सीरमसारख्या कंपन्या शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे भागधारकांची सभा भरून जाहीर जाब विचारला जाण्याचा प्रसंग तिथे येत नाही. म्हणून पत्रकाराची जबाबदारी अधिक. विचारायचं ते आदराने, पण विचारायचंच. सरकारला लस ज्या भावात मिळते आणि राजारामपुरीतल्या खासगी दवाखान्यात ज्या भावात टोचली जाते, त्यातलं अंतर कशाचं? डोस वाया जातात त्याची नोंद कंपनीपर्यंत येते का?

औषधांचा प्रश्न तर आणखी जिव्हारी लागणारा आहे. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुलं खोकल्याच्या औषधाने गेली. कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. ते ओळखण्याची चाचणी नवी नाही, अवघडही नाही. तेव्हा मुलांचं औषध बनवणाऱ्या प्रत्येक प्रमुखाला विचारायला हवं: कच्च्या मालाचं प्रत्येक पिंप तुमच्या प्रयोगशाळेत तपासलं जातं, की पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर भागवता? या प्रश्नाने कोणाला राग आला तरी चालेल.

ती गगनबावड्याला जाऊन आली. नर्सताईंनी तिला आणखी एक गोष्ट सुचवली: ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांतल्या बायकांकडे मुलांचं लसीकरण कार्ड नसतं, ते गावी राहिलेलं असतं, मग कोणता डोस झाला हे कळत नाही. ही बाब कंपनीच्या अखत्यारीत नाही, तिची बातमी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला विचारून वेगळी करायची, असं आम्ही ठरवलं. कंपनीच्या कार्यालयाने प्रश्न आधी लेखी मागवले आहेत. तिने विषय कळवले, प्रश्न नाही; ते मला योग्य वाटलं. कुपीच्या प्रश्नावर प्रमुख म्हणाले, "हे आमच्या तांत्रिक विभागाला विचारा," तर त्याच दिवशी त्या विभागातल्या माणसांची भेट मागायची. भेट नाकारली, तर तेही बातमीत लिहायचं.